दिवस मावळायच्या आतलं रशियन

सांगलीत रशियन शिकवते असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "रशियन?" आणि दुसरा, "सांगलीत?" दोन्हींचं उत्तर "हो" एवढंच आहे, पण तेवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही. या अंकाच्या संपादकांचंही झालं नाही. "मॅडम, तुमच्या क्लासबद्दल लिहा," म्हणाले, "फक्त व्याकरण नको." सुताराला म्हणावं बोल, पण लाकडाचं नाव काढू नकोस, त्यातली गत. तेव्हा थोडं व्याकरण येणारच. कुणाच्या घशाखाली उतरलं नाही तर तेवढा भाग गाळून पुढं जावं, मी पेपर काढणार नाही.

कॉलेजात मी इंग्रजी शिकवलं; त्यावर घर चाललं. रशियन तरुणपणी पुण्यात शिकले, केवळ कानाला आवडलं म्हणून. वडील म्हणायचे, "त्या भाषेत इथं कोण बोलणार आहे तुझ्याशी?" आणि बरीच वर्षं खरोखरच कुणी बोललं नाही. मग आमच्या भागातली मुलं डॉक्टर व्हायला रशियाला जाऊ लागली आणि निवृत्तीनंतर मला अचानक भाव आला. मार्केट यार्डाच्या मागं हळदीच्या एका गोदामावर खोली मिळाली. हंगामात खालून इतकी हळद उडते की मुलांच्या वह्यांच्या कडा पिवळ्या होतात. आमच्या क्लासला येणाऱ्याला हळद आधी लागते, लग्न मागनं होतं. मी स्वतः मात्र रशिया पाहिलेला नाही. आधी सवड नव्हती, मग सोबत नव्हती, आता गुडघे नाहीत. हे एक मनात राहून गेलं आहे.

शिराळ्यापासून कोयनानगरपर्यंतची मुलं येतात. तिकडं कॉलेजात शिकवणं इंग्रजीत असलं तरी पेशंट काही इंग्रजीत कण्हत नाही, म्हणून रशियन लागतं. आणि रशियन म्हणजे क्रियापद. नामं-बिमं चुकली तर लोक सांभाळून घेतात. क्रियापद चुकलं की माणूस तुमच्याकडे टक लावून बघतो.

इंग्रजी क्रियापदाला वेळेची फार काळजी. 'आय ईट', 'आय अ‍ॅम ईटिंग', 'आय हॅव बीन ईटिंग': खाणं तेच, पण कधी सुरू झालं, अजून चाललंय का, याचा पंचनामा करायचा. रशियन माणूस या तिन्हींना 'या येम' म्हणतो, मी खातो, आणि मोकळा होतो. त्याला वेगळंच जाणून घ्यायचं असतं. काम नुसतं चाललं होतं, की पार पडलं? त्यासाठी तो जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची जोडी बाळगतो. हे इंग्रजीतून समजावताना माझी आणि मुलांची दमछाक व्हायची. एक दिवस मी इंग्रजी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "भाकरी खात होता आणि भाकरी खाऊन टाकली, यांत दुरडीत भाकरी कधी उरली?" सगळ्यांना कळलं. टाकणं, काढणं, घेणं, अशी शेपटं आपण क्रियापदाला मागून लावतो; रशियन पुढून एखादं अक्षर चिकटवतो. त्या दिवसापासून मी रशियन मराठीतून शिकवते.

मराठी दर वेळी तारते असंही नाही. शिराळ्याचा एक मुलगा तिकडं तिसऱ्या वर्षाला होता. दवाखान्यात एक म्हातारी पेशंट आली. आपल्याकडं पाहुण्याला आदरानं "या, बसायचं" म्हणतात. यानं तोच आदर दाखवायला क्रियापदाचं मूळ रूप काढलं आणि हसत म्हणाला, "सिद्येत." म्हणजे, बसायचं. रशियात हे रूप कुत्र्याला बसवायला वापरतात. म्हातारी उभीच राहिली आणि म्हणाली, पट्टा कुठाय? मुलानं मला फोन करून विचारलं, "मॅडम, मी काय वाईट बोललो?" मी त्याला 'सदीत्येस' हे बसा म्हणण्याचं रूप सांगितलं आणि म्हातारीला चॉकलेट न्यायला सांगितलं. पुढं ती त्याच्याकडंच तपासून घ्यायला लागली.

मोठ्या माणसांपैकी माझ्याकडं टिकले ते माने सुभेदार. मूळचे औंधजवळचे, यमाईचे भक्त, निवृत्तीनंतर लेकीकडं सांगलीला राहतात. फौजेत त्यांच्या ताब्यातली गाडी रशियन बनावटीची होती. "मॅडमसाब," पहिल्या दिवशी ते म्हणाले, "सगळी नोकरी त्या कळा दाबण्यात गेली. त्यांच्यावर काय लिवलंय, ते मरायच्या आत कळू द्या." शब्द त्यांना भराभर यायचे. घोटाळा एका जागी व्हायचा. रशियनमध्ये आपल्यासारखंच 'आला' आणि 'आली' वेगळं असतं, इंग्रजीसारखं सगळ्यांना एक 'केम' नाही. पण 'आ' येतो तो बाईच्या क्रियापदाला. आपल्या कानाला 'आ' म्हणजे पुरुष. त्यामुळं सुभेदार भरदार मिशांवर हात फिरवत रोज दारातून "या प्रिश्ला" म्हणत यायचे, म्हणजे "मी आले." मुलं खाली माना घालायची. मी सुधारलं की ते सलाम ठोकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

यांच्याच शेजारच्या बाकावर एका श्रावणात सुगंधाक्का येऊन बसल्या.

समडोळीच्या जैन शेतकरी घरातल्या. साठीच्या आसपासचं वय, नऊवारी, हातात कापडी पिशवी. कुणा विद्यार्थ्याची आजी चौकशीला आली असेल असं मला वाटलं.

"मॅडम, मला रशियन शिकवा की."

"तुम्हाला?"

"व्हय, मलाच. समदं नगं. 'रडू नगं' म्हनायला शिकवा, मंजी झालं."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा अभिनंदन रशियात डॉक्टर झाला, व्होल्गेच्या काठावरच्या एका शहरात नोकरीला राहिला, तिथल्याच तान्याशी लग्न केलं. तान्याला आई नाही, लहानपणीच गेलेली. समडोळीत लग्नाचं जेवण झालं तेव्हा ती आठ दिवस येऊन राहिली होती. गावानं तिची तानी करून टाकली, आणि अक्कांना ती आवडली. पुढं तिला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात बाळ गेलं. अभिनंदननं फोन लावला. पडद्यावर तान्या रडत होती.

"अभी मला सांगत हुता, आई, ती आसं म्हनतिया, तसं म्हनतिया. मग त्येलाच बोलता यीना. त्यो बाजूला झाला. ती माज्याकडं बघून रडतिया आन मी नुसती बघत बसलीया. फोन बंद व्हईस्तवर मला येक सबुद बोलता आला न्हाई, मॅडम." त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "आता परत दिवस ग्येल्यात तिला. मी जानार हाय. बाळातपन आईनं करायचं आस्तंय. तिला आई न्हाई, मंजी मीच की."

मी त्यांना सांगितलं, "न्ये प्लाच. रडू नको."

"न्ये प्लाच," त्या म्हणाल्या. आणखी दोनदा म्हणाल्या. मग विचारलं, "आन 'लेकी' कसं म्हनायचं?"

"दोच्का."

"न्ये प्लाच, दोच्का." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "पर ती न रडता दुसरंच कायतर बोलली, तर?"

म्हणून त्या आठवड्यातून दोनदा एस.टी.नं यायला लागल्या.

त्यांना शिकवणं हा माझ्या मास्तरकीतला सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत आनंदाचा भाग होता. जोड्या त्यांना चटकन कळल्या. भाकरी कधी भाजत असते आणि कधी भाजून होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना मी काय सांगणार? अडचण निराळीच निघाली. त्या काही क्रियापदं तोंडातून काढायलाच तयार होईनात. मी 'तांदूळ संपले' याचं रशियन विचारलं, तर अक्का गप्प.

"येत नाही का?"

"येतंय. पर घरात तांदूळ 'संपलं' म्हनू न्हाई. 'वाडलं' म्हनायचं. सून पोटुशी हाय, आन मी 'संपलं, संपलं' घोकत बसू?"

घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. दिवा 'विझवायचा' नाही. सुभेदार म्हणाले, "अक्का, आशानं तुमचं निम्मं रशियन बुडालं की वं." पण मला त्यांचं पटलं. मी त्यांना सांगितलं की तिकडंही असं असतं. वैमानिक-सैनिक 'शेवटची फेरी' म्हणत नाहीत, 'कडेची फेरी' म्हणतात. आणि बाळाचे कपडे जन्माआधी घेत नाहीत. हे ऐकल्यावर अक्कांचा चेहरा खुलला. "आदी घेत न्हाईत? मग मानसं चांगली हायेत." त्या पहिल्या बाळाच्या वेळी तान्यानं काही घेतलं नव्हतं, हे त्यांना फोनवर कळलं होतं आणि तिला हौस नाही असं त्यांना वाटलं होतं. नवं काही घ्यायचं नाही म्हणून त्यांनी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जुनेरच लागायला हवं, हा आपला रिवाज.

दुसरी गोष्ट सूर्याची. अक्कांना रात्री न जेवण्याचा नियम होता. जैन घरांतल्या जुन्या बायका तो कसा पाळतात हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे: सूर्य मावळला की घास नाही, मग भूक असो की नसो. क्लास सुटून एस.टी. पकडून समडोळीला पोचेपर्यंत दिवस बुडायचा, म्हणून त्या डबा आणायच्या आणि वर्गातच जेवायच्या. खिडकी पश्चिमेची, समोर गोदामांचे पत्रे. तिथं लक्ष ठेवायची ड्यूटी सुभेदारांनी आपण होऊन घेतली. सूर्य पत्र्यांवर टेकला की ते म्हणायचे, "अक्का, दिवस चालला." मी म्हटलं, रशियनमध्ये सांगा. रशियन सूर्य बुडत नाही, मावळत नाही, तो बसतो. "सोन्त्से सदीत्सा."

मग रोज तसंच. सुभेदार खिडकीतून खड्या आवाजात "सोन्त्से सदीत्सा" म्हणायचे, अक्का डबा उघडायच्या, आणि मी जेवायला बसवायचं क्रियापद शिकवायचे. इंग्रजीत 'ईट' म्हटलं की संपलं. राजालाही ईट, मांजरालाही ईट. आपल्याकडं 'जेवून टाका' म्हणणं वेगळं आणि 'जेवा की' म्हणणं वेगळं. रशियनमध्येही तसंच आहे. एकात ताट रिकामं करायचा हुकूम असतो, दुसऱ्यात नुसती माया. मी अक्कांना मायेचं शिकवलं: "कूशायत्ये." जेवा. त्या पहिली चतकोर भाकरी सुभेदारांपुढं धरायच्या आणि "कूशायत्ये" म्हणायच्या. शेंगदाण्याच्या चटणीमुळं सुभेदारांची हजेरी कधी चुकली नाही.

जायची वेळ जवळ आली तेव्हा एका मुलानं वर्गात सांगितलं, की पौषात तिकडं सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी तीनला मावळतो. सगळे अक्कांकडं बघायला लागले.

"अक्का," सुभेदार म्हणाले, "तितला दिवस म्हंजी चहाची सुट्टी वो. कसं करायचं?"

मी म्हटलं, "तुमच्या मुनिमहाराजांना विचारा. प्रवासात, परदेशात सूट असेल."

"नियम मी घेतलाय, त्यांनी न्हाई," अक्का म्हणाल्या. "तीन तर तीन."

दिवाळी झाल्यावर त्या दुबईमार्गे गेल्या, त्याच शहरात शिकणाऱ्या एका मुलाच्या सोबतीनं. सुभेदारांनी त्यांना लडाखमधले आपले लोकरी मोजे दिले आणि बर्फावर कसं चालायचं ते वर्गात चालून दाखवलं, पाय न उचलता, बदकासारखं. "येते" म्हणून अक्का जिना उतरल्या. गोदामातल्या हमालांनीही हात केला.

तिथून त्या अधूनमधून पडद्यावर दिसायच्या. पहिल्यांदा तक्रार आली, "मॅडम, ती मला 'मामा' म्हनतिया. मामा तर आमच्यात सासऱ्याला म्हनत्यात." मी म्हटलं, तिकडं आईला म्हणतात. "ते ठावं हाय मला," अक्का म्हणाल्या, पण त्यांना ते मला सांगायचंच होतं. एकदा त्यांनी फोन तान्याच्या हातात दिला. मी माझं ठेवणीतलं रशियन काढलं. ती हसून म्हणाली, तुम्ही फार सुंदर बोलता, जुन्या पुस्तकात बोलतात तसं. इतक्या वर्षांनी एक रशियन माणूस माझ्याशी रशियनमध्ये बोलत होतं.

मग तान्याला त्रास व्हायला लागला आणि डॉक्टरांनी तिला बाळंतपण होईतो दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथं वॉर्डात घरच्यांना सोडत नाहीत. अक्का रोज सकाळी उठून तिच्यासाठी करायच्या, डबा दवाखान्याच्या दारात द्यायच्या, वरच्या खिडकीकडं हात करायच्या आणि बदकासारखं चालत घरी यायच्या. अभिनंदन दुसऱ्या दवाखान्यात दिवसभर ड्यूटीवर. मला त्या फोनवर दिवसेंदिवस वाळलेल्या दिसायला लागल्या. गालफडं बसली होती.

"अक्का, जेवताय ना?"

"जेवते की."

"कधी?"

त्यांनी विषय बदलला. थोडी चौकशी केल्यावर कळलं. डबा पोचवून परत येईपर्यंत सूर्य गेलेला असायचा. निघताना घाईत कधी केळं, कधी दूध, कधी तेही नाही. बटाटा, कांदा, गाजर, बीट, जमिनीखालचं काही चालत नाही, म्हणजे तिकडच्या निम्म्या स्वयंपाकाला फुली. मुलाला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. "त्येला कामाचा ताप, तिला तिचा. मी आनि कुटं सांगू?" मी रागावले. सुभेदार मागनं ओरडले, "अक्का, उपाशी शिपाई लढत न्हाई." अक्कांनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मात्र चेहऱ्यावर तजेला. काय झालं विचारलं, तर सांगायला उतावीळच होत्या. तान्यानं वॉर्डातून फोन केला होता आणि जेवलात का म्हणून विचारलं होतं. खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगायला क्रियापद सापडेना. तेव्हा खिडकीबाहेर बघून अक्का वर्गातलं वाक्य बोलून गेल्या, "सोन्त्से सदीत्सा." तान्याला काही उमगलं नाही. तिनं अभिनंदनला विचारलं, सूर्य मावळण्याचा आणि आईच्या जेवणाचा काय संबंध? घरातल्या घरात आईचा नियम तो साफ विसरला होता. मग त्यानं बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा सकाळी लवकर अभिनंदन नेऊ लागला, आणि तान्यानं अक्कांना यायची बंदी केली. तिची खाट खिडकीशी होती. दुपारी सूर्य समोरच्या इमारतीवर टेकला की ती फोन करायची. दोनच वाक्यं. "मामा, सोन्त्से सदीत्सा. कूशायत्ये." मग अक्का जेवायला बसायच्या आणि ती फोन न ठेवता पडून राहायची. इकडं भाकरीचा तुकडा मोडला की तिकडं तिला ऐकू यायचं. बोलायचं कुणीच नाही.

"मला कुनी म्हनलं न्हवतं, मॅडम, आसं," अक्का मला म्हणाल्या. "सासूला जेवू घालत्यात, वाडत्यात. पर माजा सूर्य कुनी बघितला न्हवता. तुमचं सुभेदार सोडून."

पौषातल्या एका संध्याकाळी आमचा क्लास चालू होता. आमच्या घड्याळात साडेपाच वाजून गेले होते, म्हणजे तिकडं तीन. अक्कांचा फोन आला. पडद्यावर त्यांच्यासमोर ताट झाकून ठेवलेलं दिसत होतं.

"मॅडम, हितला बुडाला. आज तिचा फोन न्हाई आला."

"अभिनंदन?"

"सकाळधरनं दवाखान्यात ग्येलाय. उचलत न्हाई."

मागच्या खेपेचं सगळ्यांच्याच मनात आलं असणार. मी म्हटलं, "अक्का, होतो उशीर बाळंतपणात." त्या म्हणाल्या, "णमोकार मंत्र म्हनून झाला. परत म्हनला. आता काय म्हनू, ते सुचंना." आवाज अगदी सरळ होता आणि हात ताटावरच्या फडक्याची घडी पुन्हा पुन्हा करत होते. व्याकरणाची सगळी जिंदगी गाठीशी असून माझ्यापाशी त्यांना द्यायला एक वाक्य नव्हतं.

सुभेदार खिडकीतून उठले आणि फोनपुढं ताठ उभे राहिले. "अक्का, परेड," ते म्हणाले. "मी खाते पासनं. चला. माज्या मागनं."

"आत्ता?"

"आत्ताच. या येम."

"या येम," अक्का म्हणाल्या.

मी खाते, तू खातेस, ती खाते. मग आम्ही, तुम्ही, ते. मग जाणं, येणं, बसणं, निजणं. सुभेदार सांगत होते आणि अक्का म्हणत होत्या, पाढे म्हटल्यासारख्या, आणि हळूहळू मुलंही म्हणायला लागली. खालच्या हमालांनी जिन्यावर येऊन पाहिलं. सुभेदारांनी एके ठिकाणी स्वतःला पुन्हा बाई केलं, आणि अक्कांनीच सुधारलं, "प्रिशोल. तुमी गडीमानूस हाय." आमचा सूर्य पत्र्यांवर टेकला तेव्हा आम्ही 'आणणं' या क्रियापदापर्यंत आलो होतो. एकदम अक्कांना दुसरा फोन आला आणि आमचा पडदा काळा झाला.

आम्ही बसून राहिलो. कुणी दिवा लावला नाही. आमचाही सूर्य गेला. बऱ्याच वेळानं फोन वाजला, तर अक्का रडत होत्या.

"नात झाली," त्या म्हणाल्या. "दोगीबी चांगल्या हायेत."

मुलांनी बाकं वाजवली. सुभेदार भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"आन मॅडम, ती पैलं काय बोलली सांगू? अभी डाक्टर म्हनून त्येला आत सोडलं, त्येनं फोन तिच्या तोंडाशी धरला. आवाज पार ग्येलेला. बाळ कसंय न्हाई, काय न्हाई. मला म्हनली, 'मामा, व्ही येली?' तुमी जेवलासा का? सूर्य कवा बुडाला ते तिला तितं कळलंच न्हवतं, त्येची रुखरुख."

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"खोटं कसं बोलू? म्हनलं, 'न्येत.' तशी ती रडायला लागली." अक्कांनी पदरानं डोळे पुसले. "ह्या टायमाला बोलले मी. म्हनलं, 'न्ये प्लाच, दोच्का.' आईच्यान सांगते, आडखळले न्हाई. आन मग दोगीबी रडलो."

थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी तिचं बाळातपन करायला आले मॅडम, आन तिनंच माजं क्येलं."

त्या रात्री त्या उपाशीच झोपल्या. नियम म्हणजे नियम. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातून फोन आला, आणि या वेळी भाकरी मोडल्याच्या आवाजाबरोबर पलीकडून एक बारीक कुरकूरही ऐकू येत होती.

अक्का उन्हाळ्यात परत आल्या. आता क्लासला येत नाहीत. बोलायला माणूस असलं की भाषा घरीच येते, माझी गरज संपली. (अक्का, माफ करा. वाढली.) त्यानंतर दोन वर्षांनी, यंदाच्या उन्हाळ्यात, मी समडोळीला गेले होते. दुपार कलली तशा अक्का ओट्यावर ताट घेऊन बसल्या, पण जेवेनात. फोन मांडीवर. तिकडं व्होल्गेवर उन्हाळ्यात रात्री आठ-साडेआठपर्यंत ऊन असतं, सूर्य मावळायची कुणाला आठवणही राहू नये. पण सांगलीचा सूर्य कधी मावळतो, ते त्या घरात रोज बघून ठेवलेलं असतं.

फोन वाजला. पडद्यावर तान्याचा खांदा आणि दोन वर्षांच्या नातीचं अर्धं तोंड दिसलं. तिच्या अंगावर लुगड्याचं दुपटं होतं, तिला आता ते पुरत नव्हतं. तान्या तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मुलीनं फोनकडं बोट दाखवून दटावलं, "बाबा, कूशाय." तिकडं 'बाबा' म्हणजे आजी: आजी, जेव. आपल्याकडं आजीला 'तू' म्हणतात, तिकडंही म्हणतात. इंग्रजीत तेवढी सोय नाही.

"जेवते, बाई," अक्का म्हणाल्या आणि भाकरी मोडली.